हिरव्या दिव्याचा भरवसा

सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आणि त्याचं वेबवरचं पान बसवायला एक दुपार पुरते. ते पान रात्री कोणाला उठवणार, कशासाठी उठवणार, आणि उठलेल्या माणसाने नेमकं काय करायचं, हे ठरवायला मात्र बहुतेक ठिकाणी कोणालाच वेळ नसतो. माझं म्हणणं असं, की हे दुसरं काम आधी करावं. ते झालं नसेल तर पहिलं केलं काय नि न केलं काय, फारसा फरक पडत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा नातेवाईक मंडळींसाठी (इथे वाचणाऱ्यांत तुम्हीच जास्त आहात, मला ठाऊक आहे) आधी थोडी पार्श्वभूमी. तुम्ही रेल्वेचं तिकीट काढता, बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर मिळतो. या प्रत्येकामागे कुठल्यातरी खोलीत एक संगणक चोवीस तास चालू असतो. तो सर्व्हर. त्याची डिस्क भरते, मेमरी कमी पडते, कोणाचा तरी पाय लागून केबल निघते, वीज जाते. म्हणून दुसरा एक प्रोग्रॅम त्याला दर मिनिटाला विचारत राहतो, ‘आहेस ना? डिस्क किती शिल्लक? पान उघडतंय का?’ उत्तरं चारच प्रकारची: ठीक, सावधान, गंभीर आणि ‘सांगता येत नाही’. हिरवा, पिवळा, लाल, जांभळा. ही उत्तरं ब्राउझरमध्ये (एके काळी आपल्यातले काही जण त्याला हौसेने न्याहाळक म्हणायचे!) बघता यावीत म्हणून जे पान लागतं, त्याच्याविषयी आज बोलतेय. ‘तू दिवसभर त्या हिरव्या चौकोनांकडे काय बघत असतेस?’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं.

या मंडळींचा इतिहासही मजेशीर आहे. १९९५ साली टोबियास ओटिकर नावाच्या गृहस्थाने एमआरटीजी लिहिलं. नेटवर्कवर किती वाहतूक आहे याचा आलेख ते दर पाच मिनिटांनी काढायचं. आमच्या पिढीने नोकरीच्या पहिल्या दिवशी बघितलेलं पान बहुधा तेच. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅडने नेटसेंट काढलं. नावाच्या ट्रेडमार्कवरून कटकट झाल्यावर २००२ मध्ये त्याचं नागिओस झालं. २००९ मध्ये काही जणांनी नागिओसचीच प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. तिचं नाव आयसिंगा. झुलू भाषेतला शब्द आहे, अर्थ साधारण ‘धुंडाळतं, तपासतं’ असा. लाटव्हियातलं झॅबिक्सही याच कुळातलं. ही सगळी विनामूल्य मिळतात, आणि आपल्याकडच्या छोट्या धंद्यांना परवडण्याजोगी म्हणूनच आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी आयसिंगा बसवून दिलं. सर्व्हर अंधेरीला, रक्त गोळा करण्याची केंद्रं बोरिवलीपासून विरारपर्यंत, आणि मी इथे मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर. हल्ली हे असं जमतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एवढ्यासाठी अंधेरी गाठावी लागायची.

बसवण्याचा भाग खरंच सोपा आहे. एक प्रोग्रॅम प्रश्न विचारणारा, एक डेटाबेस उत्तरं लक्षात ठेवणारा आणि एक वेबचा भाग ती उत्तरं दाखवणारा. तिन्ही टाकली की ब्राउझरमध्ये मांडणीचं पान उघडतं आणि पहिल्यांदा एक टोकन मागतं. हे टोकन त्या सर्व्हरवर बसून आज्ञा दिल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे पत्ता कळलेला कोणीही येऊन तुमचा पहारा आपल्या नावावर करू शकत नाही. एवढं शहाणपण सगळ्याच सॉफ्टवेअरांना असतं तर बरं झालं असतं. मग पीएचपीचे कुठले भाग आहेत, कुठले नाहीत, याची यादी येते. जुन्या आवृत्त्या इथे घड्याळाचा देश विचारून अडून बसायच्या. तो ‘एशिया कोलकाता’ असा भरला नाही, तर रात्री दोनची घटना पानावर आदल्या रात्री साडेआठला झालेली दिसायची भीती. पुढे डेटाबेसचं नाव नि पासवर्ड, लॉगिन कसं करायचं, पहिला मुख्य वापरकर्ता कोण, पानावरून दिलेल्या आज्ञा मागच्या प्रोग्रॅमला कोणत्या दाराने पोचवायच्या (ते दार ५६६५ क्रमांकाचं), आणि झालं. पान अभिनंदन करतं. दोन-तीन मिनिटांत चौकोन हिरवे व्हायला लागतात.

गडबड सुरू होते ती इथून. हिरवं बघून सगळ्यांना बरं वाटतं. मालक म्हणतात, भिंतीवर एक मोठा टीव्ही लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. बसवणारा बिल लावून मोकळा होतो. तो हिरवा रंग नक्की कशाला ‘ठीक’ म्हणतोय, हे कोणी विचारत नाही.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण सर्व्हरच्या जगातलं नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्यासारखा दिसत होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला ‘बंद हो’ असा हुकूम गेला, एवढंच तो दाखवायचा. हुकूम गेला होता. झडपेने तो पाळला नव्हता. दोन तासांहून अधिक वेळ पाणी बाहेर जात राहिलं, त्यातच शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम वाजत होत्या, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. तिथली माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्या पुढ्यातला दिवा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

आपले हिरवे चौकोन बऱ्याचदा तसेच असतात. सर्व्हरला हाक मारली, त्याने ‘ओ’ दिली, चौकोन हिरवा. डिस्कवर जागा आहे, दुसरा हिरवा. लॉगिनचं पान उघडतंय, तिसरा. आणि रक्त तपासणाऱ्या यंत्रातून आकडे उचलून रिपोर्ट तयार करणारा प्रोग्रॅम मागे कुठेतरी अडकून पडलेला. यंत्र चालू, सर्व्हर चालू, आणि रिपोर्टची वाट बघणारे लोक काउंटरवर ताटकळलेले. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळं हिरवंगार.

म्हणून लॅबमध्ये पहिल्या दिवशी मी मालकांना बाजूला ठेवून तिथल्या टेक्निशियन बाईंना विचारलं, ‘काम सुरळीत चाललंय हे तुम्हाला कशावरून कळतं?’ त्यांना विचार करावा लागला नाही. ‘सकाळी सात ते अकरा दर पाच-दहा मिनिटांनी एखादा तरी रिपोर्ट निघतोच. पंधरा मिनिटं काहीच निघालं नाही, तर समजायचं काहीतरी अडलं.’ झालं. त्या पानावरची सगळ्यात मोलाची तपासणी ही. ती कुठल्याही तयार यादीत मिळत नाही. दहा-बारा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. शेवटचा रिपोर्ट किती मिनिटांपूर्वी निघाला ते डेटाबेसला विचारायचं आणि पंधराच्या वर गेलं की लाल. त्या बाईंना आयसिंगा म्हणजे काय हे आजही ठाऊक नाही, आणि असण्याची गरजही नाही.

कुठून बघायचं हेही तितकंच महत्त्वाचं. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मीरा रोडच्या किती जणांनी ती रात्र ऑफिसात, बसमध्ये, अनोळखी माणसांच्या घरात काढली! त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. कुलाब्याचं मापक खोटं बोलत नव्हतं. पण तेवढ्या एका आकड्यावर विसंबून कोणी मुंबईचा अंदाज बांधला असता, तर पावसाळ्यातला नेहमीसारखाच एक दिवस म्हणून सोडून दिला असता. त्यानंतर महापालिकेने शहरभर ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले.

सर्व्हरचं तेच. अंधेरीच्या सर्व्हरला अंधेरीतूनच विचारलं की ‘पान उघडतंय का?’, तर तो हो म्हणणारच. विरारच्या केंद्रातली मुलगी पान उघडायला गेली आणि तिथली इंटरनेटची लाईनच बंद असली, तर तिच्या दृष्टीने सगळं बंद. म्हणून प्रत्येक केंद्रातल्या संगणकावरून एक तपासणी उलट दिशेने ठेवली. आयसिंगात ती सोय आहे, दूरच्या संगणकावर त्याचाच धाकटा भाऊ बसवता येतो. वेळ लागतो, म्हणून कोणी करत नाही.

आता तयार आकड्यांविषयी. प्रत्येक सॉफ्टवेअर काही आकडे आधीच भरून देतं आणि आपण ते देवाने दिल्यासारखे पुढे चालवतो. आयसिंगात डिस्कच्या तपासणीचा तयार नियम असा, की २० टक्के जागा उरली की पिवळा आणि १० टक्के उरली की लाल. आता ४ टेराबाइटच्या डिस्कवर २० टक्के म्हणजे ८०० गिगाबाइट. या लॅबच्या वेगाने ती जागा भरायला काही वर्षं जातील, आणि तोवर चौकोन पिवळाच. उलट २० गिगाबाइटच्या छोट्या डिस्कवर १० टक्के म्हणजे २ गिगाबाइट. कुठलातरी प्रोग्रॅम बिघडून चुकांची नोंद करत सुटला, तर ती जागा एका रात्रीत संपते. टक्के तेच, अर्थ पार वेगळा. खरं विचारायला हवं ते हे, की आजच्या वेगाने ही डिस्क किती दिवसांत भरेल आणि नवी आणायला आपल्याला किती दिवस लागतात. दुसरा आकडा कुठल्याही सॉफ्टवेअरला माहीत नसतो. तो खरेदीच्या फाइलवर कोणाची सही लागते त्यावर अवलंबून असतो.

तशीच वेळांची गोष्ट. आयसिंगासोबत नमुन्यादाखल ‘नऊ ते पाच’ नावाची एक कालमर्यादा येते, सोमवार ते शुक्रवार. आमची लॅब सकाळी सहाला उघडते आणि शनिवारी तिथे सगळ्यात जास्त गर्दी असते. आणि हे तर ऐकाच: सूचना ज्याला जायच्या, त्या नमुना वापरकर्त्याचा ईमेल पत्ता त्याच सर्व्हरवरचा असतो. तो बदलला नाही, तर सर्व्हर आपल्या आजारपणाच्या चिठ्ठ्या आपल्याच खिशात ठेवत बसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना दोष देता येणार नाही, तो नमुना आहे असं त्यांनी लिहिलेलं असतं. पण पान हिरवं झालं की ते कोण वाचतंय?

आता मुख्य मुद्दा, रात्रीचा.

इथल्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीला पातळी दाखवणारं यंत्र बसवलं. मीरा-भाईंदरला पाणी येतं ते स्टेम आणि एमआयडीसीकडून, ते ठरल्या वेळी येतं, तेव्हा टाकीत किती उरलंय हे कळणं गरजेचंच. यंत्राचा बझर वॉचमनच्या केबिनमध्ये. बसवणाऱ्याने पातळी लावली अर्ध्या टाकीवर. आता टाकी रोजच रात्री अर्ध्याखाली जाते, त्यात विशेष काही नाही, सकाळच्या पाण्याने पुन्हा भरते. पण बझर रोज रात्री दहापासून वाजायचा. चौथ्या-पाचव्या रात्री वॉचमनने त्याच्यावर फडकं कोंबलं. पुढे एके दिवशी पाणी आलंच नाही, टाकी तळाला गेली आणि सकाळी शंभर घरांत अंघोळीच्या वेळी बोंब. कमिटीच्या बैठकीत सगळे वॉचमनवर तुटून पडले. माझं मत विचाराल तर त्यात वॉचमनचा दोष सगळ्यात कमी. ज्या आवाजावर रात्री काही करायचं नसतं, तो आवाज रोज ऐकवला, तर माणूस कानात बोळे घालतो. तुम्ही-आम्हीही घालू.

आमच्या धंद्यात हे फडकं म्हणजे मेलचा फोल्डर. पूर्वी एका ठिकाणी मी कामाला होते. तिथे एका रात्रीत दीडशे सूचना यायच्या. त्यांतल्या बहुतेक आपोआप पाच मिनिटांत हिरव्या होणाऱ्या. आमच्यातला एक मुलगा, घरी दोन महिन्यांचं बाळ, आठवड्यातून तीन रात्री ड्यूटी. त्याने एक दिवस नियम लावून त्या सगळ्या मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ दिल्या. महिन्याभराने एका रात्री खरी सूचना आली आणि इतरांबरोबर तीही मुकाट्याने त्याच फोल्डरमध्ये गेली. सकाळी चौकशी झाली. नोटीस त्याला मिळाली. रात्रीला दीडशे सूचना पाठवणारी मांडणी ज्यांनी मंजूर केली होती, ते चौकशी करणाऱ्यांत बसले होते. चार महिन्यांनी त्याने ती नोकरी सोडली. चांगला हुशार मुलगा होता हो!

मराठी घरात रात्री दोन वाजता फोन वाजणं म्हणजे काय, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. तसा फोन एकाच कारणासाठी येतो, असं आपल्या हाडांत बसलेलं आहे. माझा फोन वाजला की आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, ‘कोण गेलं गं?’ दर वेळी त्यांना सांगायचं, ‘कोणी नाही आई, डिस्क भरलीय.’ त्यावर त्यांचा एकच प्रश्न, ‘मग सकाळी नाही का रिकामी करता येणार?’ मंडळी, वीस वर्षांच्या नोकरीत याहून नेमका प्रश्न मला कुठल्याही मॅनेजरने विचारलेला नाही. :)

त्यावरून मी दोन अटी ठरवल्या आहेत आणि त्या दोन्ही पुऱ्या होत असतील तरच फोन वाजू देते. एक, सकाळपर्यंत थांबलं तर कोणाचं तरी खरोखर अडेल. दोन, उठलेल्या माणसाला त्या क्षणी काहीतरी करता येईल. दुसरी अट लोकांना विचित्र वाटते. पण पूर्वी रात्री दीडला अंधेरीचा सर्व्हर पडल्याचा एसएमएस मीरा रोडला यायचा, तेव्हा शेवटची लोकल निघून गेलेली असायची आणि घरून काही करण्याची सोय नसायची. पहिल्या गाडीपर्यंत छताकडे बघत पडायचं. त्या एसएमएसने सर्व्हर एक मिनिटही लवकर उभा राहिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी काम करणारं माणूस मात्र अर्धमेलं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: ‘पण एखादी महत्त्वाची गोष्ट सुटली तर?’ सुटेल की. कधीतरी सुटेलच. पण दीडशे सूचना पाठवल्यावरही ती सुटतेच, आणि वर सुटण्याचा दोष झोपलेल्या माणसाच्या माथी मारायची सोय होते. बहुतेकांना ही सोयच हवी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सिस्टीमने कळवलं होतं’ हे वाक्य वरच्यांना सुरक्षित ठेवतं. मी फोनवरून काढलेल्या गोष्टी फेकून देत नाही. त्या पानावर पिवळ्या दिसतात, त्यांचे आलेख राहतात, आणि दर सोमवारी सकाळी चहा घेताना त्या वाचायच्या असं लॅबच्या माणसाने लिहून दिलेलं आहे. त्याला पंधरा मिनिटं लागतात. शिवाय एखादी तपासणी लाल झाली की लगेच बोंब मारायची नाही, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारायचं, आणि ठरलेल्या वेळा तेच उत्तर आलं तरच कळवायचं, ही सोय या सगळ्या सॉफ्टवेअरांत नागिओसपासून आहे. तशीच दुसरी सोय अवलंबित्वाची. विरारचा राउटर पडला तर त्यामागच्या आठ संगणकांच्या आठ सूचना कशाला? राउटर त्यांचा ‘पालक’ आहे एवढं सांगितलं की सूचना एकच येते. हे सगळं असतंच. भरायला बसावं लागतं, एवढंच.

उलट बाजूही आहे. गोंगाट जसा फसवतो, तशी शांतताही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. कळवा-पडघा परिसरातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, आणि अशा वेळी मुंबईची वीज बाहेरच्या जाळ्यापासून तोडून शहरापुरती चालू ठेवणारी व्यवस्थाही टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज यायला रात्र झाली. करोनाचे दिवस, निम्मी मुंबई घरून काम करत होती. आता विचार करा, ज्यांचा सर्व्हर आणि त्याच्यावर नजर ठेवणारा संगणक एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर होते, त्यांचं काय झालं असेल? बॅटरी संपली तसे दोघं एकदम गप्प. एकही सूचना नाही. फोन शांत. आणि शांत फोन म्हणजे सगळं ठीक, असंच आपण समजत असतो.

म्हणून पहारेकऱ्यावर पहारा लागतो, आणि तो दुसऱ्या छपराखाली लागतो. मी लॅबसाठी दुसऱ्या शहरात भाड्याचा एक अगदी छोटा सर्व्हर घेतला. तो आयसिंगाला दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारतो, ‘जागा आहेस ना?’ उत्तर आलं नाही तर तो फोन करतो. मालकांनी विचारलं, एवढ्यासाठी महिन्याचा खर्च कशाला? मी म्हटलं, तुमच्या गेटवरचा वॉचमन झोपला तर तुम्हाला कोण सांगतं? त्यांना पटलं. (पटलं नसतं तरी मी तो लावलाच असता, बिल थोडं कमी केलं असतं.)

आणखी एक छोटी गोष्ट. या पानांवर प्रत्येक लाल चौकोनाशी एक बटण असतं, ‘दखल घेतली’ अशा अर्थाचं. ते दाबलं की पुढच्या सूचना थांबतात. सोबत शेरा लिहायला जागा असते. बहुतेक ठिकाणी त्या शेऱ्यात ‘ओके’ किंवा नुसती टिंबं असतात. सरकारी फाइलवरच्या ‘पाहिले’ या शेऱ्याचीच ही नवी आवृत्ती. दखल घेतली म्हणजे काम झालं नाही, पण पान मात्र गप्प होतं. आमच्या लॅबमध्ये नियम असा, की शेऱ्यात कोण, काय करणार आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. आणि दखलेला मुदत घालायची. आयसिंगात ती घालता येते. मुदत संपली आणि चौकोन अजून लाल असेल, तर सूचना पुन्हा सुरू. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी कुरकुर केली. नंतर तीच नोंदवही उपयोगी पडायला लागली, कारण तोच बिघाड दोन महिन्यांनी पुन्हा झाला तेव्हा आधी कोणी काय केलं होतं ते तिथेच लिहिलेलं होतं.

आता शेवटचं, आणि यावर बरेच जण माझ्याशी भांडतील. फोन कोणाचा वाजणार, हे ज्याचा फोन वाजणार त्याला विचारूनच भरलं पाहिजे. मर्यादाही त्यानेच ठरवली पाहिजे. जो रात्री उठणार नाही, त्याला ‘सगळ्या सूचना सगळ्यांना पाठवा’ असं सांगायचा हक्क नाही. आणि ज्या मांडणीत रात्रीची पाळी भरता येते, त्याच मांडणीत दुसऱ्या दिवशीची उशिराची सकाळही भरता येते. आमच्या लॅबच्या पानावर तशी कालमर्यादा आहे. रात्री ज्याची पाळी, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकही सूचना जात नाही, ती दुसऱ्याला जाते. त्या रात्रीचा भत्ता वेगळा. मालकांनी भत्त्याचं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. मग मी त्यांना रात्री उठवण्याजोग्या गोष्टींची यादी दाखवली. पस्तीसपैकी चारच उरल्या होत्या. चार गोष्टींसाठी कधीतरी उठणाऱ्या माणसाचा भत्ता काही फार होत नाही. पस्तीस गोष्टींसाठी उठवायचं असतं तर झाला असता, आणि व्हायलाच हवा होता.

पावसाळ्यापासून आजवर रात्रीचे फोन झाले तीन. तिन्ही वेळा खरोखर काहीतरी अडलं होतं, तिन्ही वेळा उठलेल्या माणसाने घरूनच ते सोडवलं, आणि सात वाजता काउंटर उघडलं तेव्हा रांगेतल्या कोणाला काही कळलंही नाही. भिंतीवर टीव्ही अजून लावलेला नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या ऑफिसात, दवाखान्यात, क्लासमध्ये असं काही बसवायचं घाटत असेल तर मांडणीचं पान उघडण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर एवढंच लिहा: आमचं काम चालू आहे हे आम्हाला कशावरून कळतं, कोण उठणार, उठून काय करणार, आणि पहारेकरीच झोपला तर कोण सांगणार. माझा तसा कागद तयार आहे, मराठीतच आहे. हवा असेल तर कळवा, पाठवून देते. फोन मात्र दिवसा करा.